काचेवरचे ठिपके

सातारा परिसर, छ. संभाजीनगर
ता. २२ एप्रिल २०२४, सोमवार

मिहिरदादा,

काच मी पुसणार नाय. फोनवर दोनदा सांगितलं, आता कागदावर लिहून देते. विश्वजितसाहेबांनी तुम्हाला फोटो पाठवला आणि तुम्ही लगेच बंगलोरहून फोन केला, "वच्छलाताई, घराचं काय करून ठेवलंय?" तुमच्या आईला चार दिवस ताप होता तेव्हा फोन नाय. टँकर आठ दिवस आला नाय तेव्हा फोन नाय. काचेला चुना लागला की फोन. आणि मी सांगायला तोंड उघडलं की तुमची मिटिंग सुरू. म्हणून हे पत्र. कागद तुम्हाला मध्येच बंद करता येत नाय.

मी देवगावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले. अक्षर लागलं नाय तर दोनदा वाचा.

ते डाग नायत, ठिपके आहेत. रांगोळीला देतात तसे, दोन बोटं जागा सोडून, वरपासून खालपर्यंत. कळीचा चुना भिजवला, त्यात बाभळीचा डिंक कालवला. पहिल्यांदा आतल्या बाजूनं दिले. दोन दिवस हात मोडून घेतले आणि सगळं फुकट गेलं, कारण बाहेरून बघितलं तर काचेत डोंगर तसाच दिसत होता आणि ठिपके कुठल्या कुठं मागं. मग टँकरवाल्या सांडूकडून शिडी घेतली आणि बाहेरून दिले. चार दिवस लागले. पन्नाशीची बाई मी, शिडीवर चढले. हौस म्हणून नाय चढले.

पाखरं मरत होती, दादा. तुमच्या काचेवर आपटून. होला, साळुंकी, बुलबुल, चिमण्या तर किती. पोपट एक. फेब्रुवारीपासून एकोणतीस. मोजली कशाला म्हणाल, तर उचलून पुरायची मला लागतात. कढीपत्त्याच्या बुडाशी आता खुरपं लावायला जागा नाय.

वास्तुशांतीला तुम्ही मला काय म्हणाला होता ते मी विसरले नाय. बारा फुटांची काच कामगारांनी बसवली, तिच्यावर चुन्याची मोठी फुली मारलेली होती, कुणी चालत येऊन धडकू नये म्हणून. ती तुम्ही स्वतः पुसली. म्हणालात, "वच्छलाताई, काच आहे हे कळताच कामा नये. आईला डोंगर दिसायला पाहिजे, काच नाही." मी आठ वर्षं तुमचा शब्द पाळला. ओल्या फडक्यानं एकदा, मग वर्तमानपत्राच्या कागदानं एकदा, रोज. कुणाला कळली नाय काच. पाखरांनाही कळली नाय.

तुम्ही बांधलं तेव्हा समोर ज्वारी होती आणि ओढ्याला बाभळी होत्या. आता ओढा बुजवला, प्लॉट पाडले, बाभळी गेल्या. यंदा डोंगरावर पाण्याचा थेंब नाय. खाली उतरावं तर आपल्या लिंबाशिवाय झाड नाय. तुमच्या काचेत मात्र डोंगर आहे, लिंब आहे, आभाळ आहे. जीव आहे तो, तिकडंच जाणार.

विश्वजितसाहेब काल फाटकात उभं राहून हसले, "काय वच्छलाबाई, काचेला देवी आल्या काय?" मी म्हटलं, आल्या. लस टोचायला तुम्हीच उशीर केला. त्यांनी नकाशा काढला म्हणून घर त्यांचं झालं नाय. त्यांना पुस्तकात फोटो छापायचे असतील तर मागच्या बाजूनं काढा म्हणावं.

काकूंचा ताप उतरला, बऱ्या आहेत. जेवण थोडं कमी आहे.

वच्छला


ता. ३ मे, शुक्रवार

मिहिरदादा,

तुमचं पार्सल पोचलं. आधी मला वाटलं काकूंना काही पाठवलं असेल. काकूंनाही तेच वाटलं, त्यांनी खोका मांडीवर घेऊन दोरी नखानं सोडवली. आत काळा ससाणा. चिकटवायचा. त्यांनी तो उलटा सुलटा करून बघितला आणि मला म्हणाल्या, "हे कुठं घालतात गं?"

तुमच्या चिठ्ठीत लिहिलंय, ठिपके पुसा आणि मधोमध हा लावा, पाखरं भिऊन येणार नायत, परदेशात असंच करतात. मी म्हटलं, शिकलेला माणूस सांगतोय, करून बघावं. सगळी काच नाय पुसली, दाराकडचा एक भाग पुसला. डिंकाचा चुना, नखानं खरवडावा लागला. ससाणा लावला. मंगळवारी सकाळी लावला आणि दुपारी बुलबुल आपटला, ससाण्याच्या पंखाला लागून. बुधवारी होला. तो तर पार चोचीजवळ.

सांडू टँकर रिकामा करत बसला होता. म्हणाला, "मावशी, हा ससाणा आपल्या मराठवाड्यातला नाय. इथल्या पाखरांनी वळखलाच नाय त्याला."

काल मी त्याच भागावर परत ठिपके दिले. ससाणा काढून काकूंच्या कपाटाला लावलाय. आजपर्यंत ठिपक्यांवर एकही पाखरू आलेलं नाय. काचेपाशी येतं, बिचकतं आणि वळतं. डोळ्यानं बघितलंय मी.

आता जे लिहिते ते नीट वाचा. मंगळवारी आणि बुधवारी काकू जेवल्या. अर्धी भाकरी, वरण, वाटीभर दही. बुधवारी शेवयांची खीर मागून घेतली. महिनाभरात अशा जेवल्या नव्हत्या. काल परत ताट सारलं.

का ते मला ठाऊक आहे. लिहायला हात होत नाय.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं. काचेखाली ओट्यावर तीन परळ मीच ठेवले होते, पाखरांना पाणी म्हणून. उन्हाळ्यात तहानलेलं दारात आलं तर पाणी द्यावं, एवढंच माझ्या डोक्यात. सावली तिथंच होती. पाण्याला येऊन ती काचेवर जात होती, म्हणजे निम्मी मी मारली. परळ आता मागं, टाकीपाशी नेलेत. हे तुम्हाला पहिल्या पत्रात सांगितलं नाय, आज सांगितलं.

वच्छला


ता. १० मे, शुक्रवार, अक्षय तृतीया

मिहिरदादा,

काकांच्या नावानं घागर भरली. तुमच्या घरात मुलानं भरायची असते, ते मला माहीत आहे. काकूंचा हात लावून मी भरली. टँकरचंच पाणी होतं, काका समजून घेतील.

तुमचा फोन आला होता परवा. म्हणालात, "एक ससाणा पुरत नसेल तर चार पाठवतो." दादा, तुम्ही लहानपणी असे नव्हता म्हणतात. मी काही तेव्हा नव्हते.

आज सांगून टाकते. मग तुम्हाला मला काढून टाकायचं असेल तर टाका.

काच आणि दार एकाच भिंतीत आहेत. काकूंची कॉट आता आतल्या खोलीत. पाखरू काचेवर आपटलं की आतून कसं ऐकू येतं माहीत आहे? दारावर कुणी मूठ मारावी तसं. एकदाच, धप. फेब्रुवारीत पहिल्यांदा आपटलं तेव्हा काकू उठून बसल्या. म्हणाल्या, "वच्छला, दार वाजलं. मिहिर असेल, तो बेल वाजवत नाही, हातानं वाजवतो."

मी म्हटलं, नाय हो काकू, पाखरू आपटलं. त्यांचं तोंड बघितलं असतं तुम्ही तर तुम्हीही दुसऱ्यांदा खरं बोलला नसता.

दुसऱ्यांदा मी म्हटलं, बघते. दार उघडलं, पाखरू उचललं, पुरलं, हात धुतले, आत येऊन सांगितलं, दूधवाला होता. तिसऱ्यांदा सांगितलं, दादाच होते, सामान उतरवायला गेलेत, येतातच. मग काकूंनी केस विंचरून घेतले. हिरवं पातळ काढायला लावलं. "त्याला भूक लागली असेल, पहिल्यांदा आपण बसू या, म्हणजे तोही बसेल," असं म्हणून ताटावर बसल्या आणि जेवल्या. संध्याकाळपर्यंत सगळं विसरल्या. त्यांना विसरायला होतं म्हणून मला खोटं बोलायला सोपं गेलं. दोन महिने मी तुम्हाला दिवसाआड सामान उतरवायला पाठवत होते.

पाखरं कशानं थांबतील ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्ही पुसलेली फुली माझ्या डोळ्यापुढं होती. चुना काय, गुलमंडीला जाऊन आणायला तासाचं काम. मी आणला नाय. दार वाजायला पाहिजे होतं मला.

याहून वाईट आहे. मार्चमध्ये वारं सुटलं, समोरच्या प्लॉटची माती येऊन काच धुळीनं भरली, वारं पडेपर्यंत पुसून उपयोग नव्हता. दोन दिवस काही आपटलं नाय. काकूंनी दोन्ही दिवस ताट सारलं. तिसऱ्या दिवशी मी काच घासून लख्ख केली आणि खालचे परळ काठोकाठ भरले. कशासाठी करते ते मला माहीत होतं. दुपारी दोन साळुंक्या गेल्या, जोडीची जोडी. काकू पोटभर जेवल्या. मी जेवले नाय, पण त्यानं काय होतं.

मग चुना कसा आणला, ते ऐका. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी गच्चीवर वाळवण उलटत होते. धप ऐकलं. खाली येईपर्यंत कॉट रिकामी. काकू भिंत धरून धरून दारापर्यंत गेल्या होत्या. दार सताड उघडं आणि त्या ओट्यावर खाली बसलेल्या. पदरात तांबट. हिरवा असतो, बारका, कपाळावर कुंकवाचा टिळा असावा तसा लाल. मेलेला होता. त्या बोटानं त्याचा टिळा सारखा करत होत्या.

मला म्हणाल्या, "ह्याला कुणीतरी ओवाळून पाठवलंय बघ. एवढ्या लांबून आला, दार वाजवलं ह्यानं. आपण दोघी घरात होतो ना? मग कुणी उघडलं का नाही?"

मी त्यांना धरून आत आणलं आणि तांबट पुरला.

दुसऱ्या दिवशी गुलमंडीला जाऊन चुना आणला.

आता पाखरं येत नायत. दारही वाजत नाय. मी स्वतः काचेवर मूठ मारून बघितली, लाजून सांगते. आतून काकू म्हणाल्या, "वच्छला, काय पाडलंस?" माझा हात त्यांना कळतो.

तुम्ही मनात काय धरून बसलात ते मला माहीत आहे. काकांच्या तेराव्याला मी स्वयंपाकघरात होते, भिंतीला कान लावायची गरज नव्हती. तुम्ही चार दिवस उशिरा आला होता. काका तीन दिवस दाराकडं मान करून पडले होते, मग गेले. काकू तुम्हाला म्हणाल्या, "जा. परत माझं दार वाजवू नकोस." तुम्ही बॅग उचलली. आज तीन वर्षं झाली. दादा, ज्यांनी म्हटलं त्या विसरल्या. घरात ते वाक्य आता तुम्हाला एकट्याला पाठ आहे.

वच्छला


ता. १९ मे, रविवार

मिहिरदादा,

नऊ दिवस वाट बघितली. पत्र पोचल्याची पावती माझ्याकडं आहे, सही तुमची आहे. उत्तर नाय. उत्तर म्हणून काल विश्वजितसाहेब आले, हातात पावडरचा डबा. "मिहिरनं पाठवायला सांगितलं, दुधात कालवून द्या, ताकद येते." आणि जाता जाता, "रविवारी, सव्वीसला, फोटोवाले येणार आहेत. तेवढं काचेचं बघा. मिहिर म्हणाला, वच्छलाताईंना सांग, माझी शेवटची विनंती आहे."

मी त्यांना चहासुद्धा विचारला नाय. नंतर वाईट वाटलं. त्यांनी ओट्यावर उभं राहून बराच वेळ काचेकडं बघितलं. एक होला आला, काचेपाशी पंख फडफडवून वळला आणि लिंबावर बसला. ते म्हणाले, "खरंच वळतात की." मग निघून गेले. त्यांच्याकडून तुम्हाला हे कळलं नसेल, म्हणून लिहिते.

पावडर दिली. दोन चमचे गेली, बाकी उशीवर. काकू आता दिवसाला पेजेची अर्धी वाटी घेतात, तीही मी ओरडले तर. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, वय आहे. मी म्हटलं, वय तर मार्चमध्येही होतं.

परवाचं सांगते. उन्हं कलल्यावर त्यांना खुर्चीत घालून दिवाणखान्यात आणलं, काचेसमोर. ठिपके दिल्यापासून त्यांनी ते नीट बघितले नव्हते. बराच वेळ बघत राहिल्या. मग हात उचलून बोट दाखवलं, "तिथं एक राहिला." मी जवळ जाऊन बघते तर खरंच, वरच्या कोपऱ्यात एक ठिपका गळून पडला होता. डोळ्याला माणूस दिसत नाय त्यांच्या, पण राहिलेला ठिपका दिसला.

"कुणी काढली?"

"मीच."

"अंतर बरोबर धरलंयस. मिहिरच्या बारशाला मी अंगणभर काढली होती, पंधरा ते आठ. जोडायला वेळच मिळाला नाही, पाहुणे आले. ठिपके तसेच राहिले." असं म्हणून हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. मला वाटलं, आज जेवतील. उठून पेज आणायला गेले.

आले तर दाराकडं बघत होत्या. म्हणाल्या, "आज दार वाजलं का गं?"

मी म्हटलं, नाय.

"काल?"

"नाय, काकू."

मग स्वतःशी बोलावं तसं म्हणाल्या, "मग मीच त्याला नको म्हटलं असेल."

दादा, मी तुम्हाला लिहिलं होतं की त्या विसरल्या. ते मी चुकीचं लिहिलं. कधी म्हटलं, कशावरून म्हटलं ते गेलंय. नको म्हटलं एवढं राहिलंय. पेज तशीच राहिली. मी खुर्चीपाशी बसले आणि पहिल्यांदा त्यांच्यापुढं रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुझं कोण यायचं राहिलंय?"

आता माझं ऐका. मला शहाणपणाचं बोलता येत नाय आणि गोड तर येतच नाय. तुम्ही घर बांधलं ते आईला डोंगर दिसावा म्हणून, हे मला कबूल आहे. त्या कामगारांबरोबर भर उन्हात तुम्ही उभे होता, काच चढवताना तुमचा तळहात कापला होता, मीच हळद भरली होती. माया नव्हती असं मी कुणाच्या बापाला म्हणू देणार नाय. पण काकू आता डोंगर बघत नायत. दार ऐकतात.

येत असाल तर सांडूला स्टेशनवर पाठवते, त्याचा टेम्पोही आहे. घरात शिरताना बेल वाजवू नका. हातानं वाजवा, एकदाच, नेहमी वाजवता तसं. मी उघडायला येणार नाय. वेळ लागला तरी थांबा, त्या भिंत धरून येतील.

येत नसाल तर तेही लिहा. नाय म्हणायला दोन अक्षरं लागतात.

आणि काहीच कळवलं नाय, तर शनिवारी सकाळी मी शिडी लावते. चार हजार ठिपके असतील, नखानं खरवडते. ओलं फडकं एकदा, वर्तमानपत्राचा कागद एकदा. काच आहे हे कळणार नाय अशी करून देते. तीनही परळ मागून आणून काचेखाली भरून ठेवते. रविवारी तुमचे फोटो चांगले येतील. आणि दुपारी काकू जेवतील. ते पाप मी एकदा केलेलं आहे, परत करायला मला जड जाणार नाय असं समजू नका. जड जाईल. पण करीन.

शुक्रवार, चोवीस तारीख, दिवेलागणीपर्यंत कळवा.

वच्छला